मातीतली वळवळ ओळखताना : सहाव्या महिन्याची नोंद

वहीच्या पहिल्या पानावर माझी नोंद अशी आहे : 'गांडुळं ७, पांढरे जंत भरपूर, अळ्या ४.' काल ती पुन्हा वाचली. या ओळीतून आज मला काहीच काढता येत नाही. गांडुळं कोणती? अळ्या कशाच्या? आणि ते 'जंत' तर जंत नव्हतेच. त्यांच्या धास्तीने मी एका कुंडीतली सगळी माती काढून कडक उन्हात पसरली होती. आतले निरुपद्रवी जीव वाळून गेले, त्याची रुखरुख अजून आहे.

खोदायची पद्धत बदललेली नाही. दर पंधरा दिवसांनी २५ × २५ सेंमीचा चौकोन, २० सेंमी खोल. माती पांढऱ्या ट्रेमध्ये घ्यायची आणि ढेकळं हाताने फोडायची. जवळ दहापट भिंग आणि ओला मऊ ब्रश. चिमटा मी सोडून दिला, कारण त्याने अंग चेचलं जातं. खोल बिळात राहणारी गांडुळं अशी सापडत नाहीत. त्यांच्यासाठी मोहरीची पूड पाण्यात कालवून ओततो. मोहरीच्या झणझणीतपणाने ती वर येतात. वर आली की लगेच साध्या पाण्यात धुवून घ्यायची, नाहीतर कातडीची आग होत राहते.

मोठा बदल बघण्याच्या क्रमात झाला. पूर्वी मी आधी रंग बघायचो, आता रंग सगळ्यात शेवटी. एकच गांडूळ पोटात माती असताना काळपट दिसतं आणि आतडं रिकामं झालं की गुलाबी, मग त्या रंगावर किती विसंबणार? आधी पाय आहेत का ते बघतो, मग अंगावर वलयं आहेत का, डोकं वेगळं दिसतं का. आणि या सगळ्याच्या आधी, ट्रेला हात न लावता मिनिटभर नुसती चाल बघतो. नवख्यांना मी हेच सांगेन. गांडूळ लांब होतं आणि आखडतं, कारण त्याच्या अंगात गोल आणि उभे असे दोन्ही स्नायू असतात. सूत्रकृमीला, म्हणजे धाग्यासारख्या बारीक, बिनवलयांच्या कृमीला, फक्त उभे स्नायू. त्याला लांब-आखूड होता येत नाही, तो नुसता 'एस'सारखा फटके मारतो. जळू दोन टोकांच्या चूषकांनी वीत मोजल्यासारखी चालते. चपटकृमी तर हलतोय असं वाटतच नाही, सरळ सरकत जातो.

याच कसोटीवर पहिल्या पानावरच्या 'जंतां'चा उलगडा झाला. पांढरे, सेंटिमीटरभर लांब, भिंगाखाली वलयं स्पष्ट, आणि चाल थेट छोट्या गांडुळाची. हे एन्किट्राइड, म्हणजे गांडुळांचेच बारके भाऊबंद. सडका पालापाचोळा आणि त्यावरची बुरशी खातात. माती फार ओली किंवा आंबट झाली की एकदम वाढतात, म्हणजे त्यांची गर्दी दिसली तर पाणी कमी करायचं, माती फेकायची नाही. मुळांवर गाठी आणणारा सूत्रकृमी नुसत्या डोळ्यांनी मातीत वळवळताना दिसत नाही. तो बहुधा एक मिलिमीटरपेक्षाही लहान असतो.

तो बघायचा तर बेरमन फनेल लावावं लागतं. ही युक्ती १९१७ सालची आणि अजून तितकीच कामाची. नरसाळ्याच्या बुडाला रबरी नळी, नळीला चाप, नरसाळ्यात पाणी, वर जाळी, जाळीवर टिश्यू पेपर आणि त्यात चमचाभर माती, पाण्याला जेमतेम टेकलेली. रात्रभर ठेवायचं. सूत्रकृमी वळवळत पाण्यात उतरतात, वर पोहता येत नसल्यामुळे नळीच्या तळाशी साचतात. सकाळी चाप सैल करून पहिले काही थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घेतले आणि काचेच्या धाग्यांसारखे पारदर्शक जीव फटके मारताना दिसले. तोंडात सुई आहे की नुसती पोकळ नळी, एवढं बघून ठेवलं. सुई नसलेले बरेचसे जीवाणू खाणारे असतात. सुई दिसली म्हणून तो झाडाचा शत्रू असंही नाही, कारण बुरशी खाणाऱ्यांनाही सुई असते. माझ्या थेंबात बिनसुईचेच जास्त होते.

आता गांडुळं. सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला आणि आनंदही इथेच मिळाला. प्रौढ गांडुळाच्या अंगावर जाडसर पट्टा असतो, क्लायटेलम. तो कितव्या वलयापासून सुरू होतो, हे ओळखीचं मोठं सूत्र. तोंडाकडून मोजायला घ्यायचं. गांडूळ हलत राहिलं तर मोजणी चुकते म्हणून ओली बशी थोडा वेळ फ्रीजमध्ये गार करून घेतो. गार बशीवर ते संथ होतं. फेरेटिमा गटात पट्टा १४ ते १६ या तीन वलयांवर, अंगठीसारखा सबंध गोल असतो. १८व्या वलयाच्या पोटाकडच्या बाजूला नर छिद्रांची जोडी. लुंब्रिसिड गटात पट्टा बराच मागे, विसाव्या वलयानंतर, आणि खोगिरासारखा पाठीवर टाकलेला, पोटाकडे उघडा.

दुसरी खूण दृढरोमांची, म्हणजे वलयांवरच्या बारीक ताठ केसांची. मोठं गांडूळ कोरड्या कागदावर ठेवा, खोलीत शांतता असू द्या आणि कान जवळ न्या. खर्र खर्र असा बारीक आवाज येतो. ते हे केस. लुंब्रिसिडच्या दर वलयावर ते आठच असतात, चार जोड्यांत. फेरेटिमा गटात वलयाभोवती पूर्ण कडं. भिंग तिरपं धरून उजेड बाजूने पाडला की हे कडं चमकतं. मला ते पहिल्यांदा दिसायला तीन आठवडे लागले आणि दिसल्यावर मी तासभर दुसरं काही केलं नाही.

खताच्या ढिगातली ओळखायला त्या मानाने सोपी. आयसेनिया फेटिडाच्या अंगावर लाल आणि पिवळट पट्ट्यांची आलटून-पालटून रांग असते, आणि डिवचलं की दुर्गंधी पिवळसर द्रव सोडते. फेटिडा या लॅटिन नावाचा अर्थच दुर्गंधीयुक्त. पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस सडपातळ, पाठीवर निळसर-जांभळी झाक, आणि हातात ठरत नाही इतकं चपळ.

अळ्यांवर फार लिहीत नाही. पुढे तीन जोड्या पाय, तपकिरी डोकं आणि 'सी'सारखं वळलेलं जाड पांढरं अंग म्हणजे हुमणी. तिच्या शेपटीकडच्या टोकाला खाली बारीक काट्यांची नक्षी असते आणि जाती वेगळ्या करताना तीच उपयोगी पडते. चकचकीत काळं डोकं, बाकी अंग काचेसारखं आणि आतडं आरपार दिसणारं, पाय नाहीत, ती कुंडीवर घोंघावणाऱ्या बारीक माश्यांची अळी. कच्च्या बटाट्याची चकती मातीवर ठेवली की त्या खाली जमतात. कडक पिवळसर तारेसारखी वायरवर्म आणि पैसा हा बहुपायी किडा यांत माझी गल्लत व्हायची. वायरवर्मला सहाच पाय, पैशाला बहुतेक वलयांवर दोन-दोन जोड्या. गोमेला वलयाला एकच.

गेल्या आठवड्यात दोन मोठ्या घटना. पहिली : ट्रेमधलं एक बारीक काळपट 'गांडूळ' मी ब्रशने सरकवलं. अंग कोरडं, चकचकीत, आखडणं-ताणणं नाहीच. तेवढ्यात टोकाकडून जिभेची लवलव झाली. तो वाळा होता, साप! निरुपद्रवी, मुंग्या-वाळवीची अंडी खाणारा, आणि त्यातले सगळे माद्याच. कुंड्यांच्या मातीतून तो जगभर पसरला आहे. लगेच पालापाचोळ्याखाली सोडला. गांडूळ म्हणून पकडलेला जीव कोरडा लागला तर आधी भिंगातून खवले बघा.

दुसरी : एका कुंडीखाली बायपेलियम हा चपटकृमी. पाठीवर उभ्या गडद रेघा, वलयं अजिबात नाहीत, डोकं अर्धचंद्राकृती पात्यासारखं. मोझली या निसर्गशास्त्रज्ञाने १८७८ साली लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या काचघरात सापडलेल्या नमुन्यांवरून या जातीचं वर्णन केलं, म्हणून नाव बायपेलियम क्यूएन्स. हा गांडुळं खातो, आणि तोंड डोक्यावर नसून पोटाच्या मधोमध असतं. माझ्यासमोर त्याने एका गांडुळाला विळखा घातला तेव्हा मन घट्ट करून बघत राहिलो. याच्या अंगात टेट्रोडोटॉक्सिन हे विष असल्याचं २०१४ साली दाखवलं गेलं, तेव्हा उघड्या हाताने उचलू नका. आणि कृपा करून कापू नका. कापलं की दोन होतात ही समजूत गांडुळाच्या बाबतीत चुकीची आहे, याच्या बाबतीत मात्र खरी आहे. तुकड्यातून नवा जीव तयार होतो. मीठ घातलेल्या डबीत बंद करणं हाच मार्ग.

एक प्रश्न अजून सुटायचा आहे. पिल्लांना पट्टा नसतो, म्हणजे अर्ध्याहून जास्त नोंदी 'लहान, अनोळखी' अशाच राहतात. म्हणून तीन पिल्लं वेगळ्या कुंड्यांत ओल्या पानखतात वाढवतो आहे. दृढरोम बघून एवढं कळलं की दोघांना पूर्ण कडं आहे, एकाला जोड्या. परवा रात्री कडंवाल्यांतल्या मोठ्याची कातडी एका जागी फिकट आणि गुळगुळीत दिसली. गार बशीवर घेऊन मोजत गेलो. अकरा, बारा, तेरा, आणि चौदाव्यावर ब्रशचं टोक बरोबर फिकट कडेला टेकलं.