६ जून : फळ्यावर लिहिण्याआधी

६ जूनचा दिनविशेष लिहायचा म्हटलं की कोकणातल्या वाचनालयाच्या फळ्यावर पहिली ओळ ठरलेली असते : १६७४, रायगडावर शिवराज्याभिषेक. खाली १९४४ सालची दोस्त सैन्याची नॉर्मंडीवरची चढाई, मग रशियन कवी पुश्किन (१७९९) आणि सुनील दत्त (१९२९) यांचे जन्म, १९६१ मध्ये कार्ल युंग यांचं निधन. तारीख एकच, पण कॅलेंडर एक नाही.

रायगडाची ६ जून ही जुन्या, ज्युलियन कॅलेंडरातली. इंग्रज ते १७५२ पर्यंत वापरत. राज्याभिषेकाला मुंबईहून आलेला त्यांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन याच्या टिपणातल्या तारखाही त्यातल्याच. पोर्तुगीजांनी मात्र १५८२ मध्येच नवं, ग्रेगोरियन कॅलेंडर घेतलं होतं. म्हणजे ऑक्झिंडेन होडीने चौलला उतरला, तेव्हा तिथल्या फिरंग्यांची तारीख त्याच्या दहा दिवस पुढे होती! आपल्या किनाऱ्याचा इतिहास या दोन्ही दप्तरांतून येतो, आणि घोळ नेमका इथेच होतो.

हिशेब सोपा आहे. फेब्रुवारी १७०० संपेपर्यंतच्या इंग्रजी तारखेत १० दिवस मिळवायचे, त्यानंतर १७५२ पर्यंत ११. वसईचे पोर्तुगीज शरण आले ती १६ मे १७३९ ही नवी तारीख. जुनी ५ मे.

वार ताडून पाहावा. मोबाइलच्या कॅलेंडरात ६ जून १६७४ ला बुधवार दिसतो, कारण ते नवी पद्धत मागे ओढतं. खरा वार शनिवार. १६ जून टाकून पाहा, शनिवारच येतो. एक्सेलच्या नादी लागू नका, त्याच्या तारखा १९०० पासून सुरू होतात.

पुश्किनची मूळ रशियन तारीख जुन्या कॅलेंडरातली, २६ मे. बदलून ६ जून केलेली. त्याच न्यायाने रायगडाची १६ जून व्हायला हवी. तरी मी ती हलवणार नाही. ६ जून लोकांच्या मनात पक्की बसली आहे. मात्र शेजारी ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६ एवढं लिहायलाच हवं. गडावर तिथीचाही सोहळा होतो, तो वेगळ्या तारखेला का, हे वाचणाऱ्याला लगेच कळतं.

शकावरून सन काढताना चैत्र ते डिसेंबरअखेर ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९. शिवजन्म फाल्गुन वद्य ३, शके १५५१. इथे ७८ धरले तर १६२९ येतं, ७९ ने बरोबर १६३०. पौषात जास्त जपावं, १ जानेवारी बहुधा त्याच महिन्यात पडते. शिवाय १७५२ पूर्वी इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे त्यांच्या कागदातला फेब्रुवारी १६२९ म्हणजे आपला १६३०.

जन्म-मृत्यूच्या रकान्यांत एकच नाव दोनदा दिसलं तर चूक समजून खोडू नका. कन्नड साहित्यिक मास्ती वेंकटेश अय्यंगार ६ जून १८९१ ला जन्मले आणि ६ जून १९८६ लाच वारले.