कबुतरांची कृपा

आज स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या कॅथेड्रलमध्ये इतका वेळ वर बघत उभी होते की मान अजून अवघडलीय. मुख्य वेदीच्या वर निळंशार आभाळ, सोनेरी पंखांचे देवदूत, हातात वाद्यं. ल्यूट वाजवणाऱ्याची बोटं तर आत्ता तार छेडतील अशी! इटलीहून आलेल्या चित्रकारांनी १४७२ ते १४८१ मध्ये ही भित्तिचित्रं काढली. दोनशे वर्षांनी आवड बदलली, म्हणून खाली नवं बरोक (भरगच्च नक्षीच्या शैलीतलं) छत चढवून सगळं झाकलं. २००४ मध्ये दुरुस्ती चालू असताना म्हणे आतून कबुतरांचा आवाज आला. भोकातून कॅमेरा सारला, तर हे देवदूत! (आमच्या बाल्कनीतली कबुतरं मात्र फक्त घाण करतात.)

आईला फोटो पाठवला. तिचा प्रश्न, "मग देवदूतांवरून उतरवलेलं ते बरोक छत कुठे ठेवलं?"