दादाला त्याचा आजार सांगितला, त्यानंतर

फुफ्फुसाच्या कर्करोगाचे प्रकार असतात आणि त्यांतला ‘स्मॉल सेल’ हा प्रकार सर्वांत झपाट्याने पसरणाऱ्यांपैकी आहे, हे माझ्या मोठ्या भावाचा रिपोर्ट हातात येईपर्यंत आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हते. दादा अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात फिटर होता आणि विशीपासून सिगारेट ओढत होता. दिवाळीनंतर त्याला खोकला सुरू झाला. नाशिकच्या थंडीत खोकला कोणाला होत नाही, म्हणून सुरुवातीचे काही आठवडे काढा आणि गोळ्यांत गेले. मग एक्स-रेमध्ये डाग दिसला आणि क्षयाची औषधे सुरू झाली. आपल्याकडे क्षय इतका सर्रास आढळतो की डॉक्टरांना आधी तोच आठवावा, यात नवल नाही. परंतु वर्षानुवर्षे धूम्रपान केलेला, पन्नाशी ओलांडलेला माणूस असेल, थुंकीत जंतू सापडत नसतील आणि औषधांनी काडीचाही फरक पडत नसेल, तर सीटी स्कॅनची मागणी नातेवाइकांनीच लावून धरली पाहिजे, असे मला अगदी मनापासून वाटते.

पुढची खूण वहिनीने हेरली. दादाच्या शर्टाच्या कॉलरची गुंडी लागेना. वजन तर उतरत चालले होते, मग गळा जाड कसा होईल? सकाळी उठल्यावर त्याचा चेहराही सुजलेला असे आणि मानेवरच्या शिरा टरारून दिसत. छातीतली गाठ हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेवर दाब देत होती, हे त्याच दिवशी झालेल्या सीटी स्कॅनने स्पष्ट झाले. त्यानंतर सगळे वेगाने घडले. सीटीच्या साहाय्याने सुई घालून बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी गाठीचा तुकडा, घेतली गेली, आजार शरीरात कुठे पसरला आहे हे दाखवणाऱ्या पेट स्कॅनमध्ये यकृतावरही ठिपके दिसले, आणि आजार ‘एक्स्टेन्सिव्ह स्टेज’चा, म्हणजे एका बाजूच्या छातीपलीकडे पसरलेला आहे, असे कर्करोगतज्ज्ञांनी सांगितले. शस्त्रक्रियेचा प्रश्नच नव्हता. किमोने दहापैकी सहा-सात रुग्णांत गाठ चांगली आक्रसते, पण बहुतेकांत ती काही महिन्यांत पुन्हा उलटते, आणि उपचार घेऊनही सरासरी आयुर्मान वर्षभराच्या आसपासच राहते, हे त्यांनी मला, वहिनीला आणि भाच्याला केबिनमध्ये बसवून सांगितले. दादा तेव्हा बाहेरच्या बाकावर बसला होता.

घरी परतताना रिक्षात भाचा मला हळूच म्हणाला, “आत्या, बाबांना एवढ्यात काही सांगू नकोस. ते हाय खातील.” मोठ्या मामांचा फोन आला, त्यांचेही तेच म्हणणे होते. फुफ्फुसात पाणी झाले आहे, असे सांगा आणि निभावून न्या. आपल्याकडे बहुतेक घरांत असेच होते आणि त्यामागे प्रेमच असते, याविषयी मला शंका नाही. तरीही मी ठाम विरोध केला. ज्या माणसाला महिनोन्‌महिने सलाइनमधून किमो घ्यायची आहे, ज्याचे केस जाणार आहेत आणि ज्याच्या आजूबाजूच्या प्रत्येक खाटेवर कर्करोगाचाच रुग्ण असणार आहे, त्याच्यापासून हे लपवणार तरी कसे? आणि लपले असते, तरी उरलेला काळ त्याचा होता. तो कसा घालवायचा हे ठरवण्याचा अधिकार आम्ही त्याच्या हातून काढून घ्यावा, हे मला पटत नव्हते. वहिनी बराच वेळ गप्प होती. मग ती म्हणाली, “त्यांना सांगायचे, पण मी समोर असताना सांगायचे.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सिडकोतल्या घराच्या गॅलरीत आम्ही तिघेच बसलो. दादा कारखान्यातल्या रजेचा हिशेब करत होता. मी म्हणाले, “दादा, रिपोर्टबद्दल बोलायचे आहे.” त्याने डायरी मिटून बाजूला ठेवली आणि विचारले, “कॅन्सरच आहे ना?” मी हो म्हणाले. तो प्रकार कोणता, कुठवर पसरला आहे आणि उपचाराने काय साधेल, हे मी डॉक्टरांच्याच शब्दांत सांगितले. किती दिवस उरले आहेत, असे त्याने विचारले, तेव्हा मी आकडा सांगितला नाही. “ते तू स्वतः डॉक्टरांना विचार, मी बरोबर येते,” एवढेच म्हणाले. तो रडला, वहिनीही रडली. थोड्या वेळाने त्याने चहा मागितला आणि भाच्याला आत बोलावून विचारले, “तुला माहीत होते का रे?” त्या एका प्रश्नानंतर त्या घरात दबक्या आवाजात कोणी बोलले नाही.

उपचारांचे निर्णय मग त्यानेच घेतले. पहिल्या दिवशी कार्बोप्लॅटिन आणि लागोपाठ तीन दिवस इटोपोसाइड, दर एकवीस दिवसांनी, असे किमोचे ठरले. यासोबत अटेझोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचे, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारे, औषध देता येते. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्या औषधामुळे सरासरी आयुर्मान सुमारे दहा महिन्यांवरून बारा महिन्यांवर गेले होते, आणि काही थोड्या रुग्णांना त्याहून बराच दीर्घ लाभ झाला होता, हे डॉक्टरांनी त्याला प्रामाणिकपणे सांगितले. किमो महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत बसत होती. रेशन कार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे गेल्यावर मंजुरीचे काम मार्गी लागले. इम्युनोथेरपीचा मोठा खर्च मात्र खिशातून करावा लागणार होता. मी माझे दागिने मोडायला तयार होते, भाचा कर्ज काढायला निघाला होता. दादाने दोघांनाही थांबवले. घराचे हप्ते फिटलेले नसताना त्या औषधासाठी वहिनीला कर्जात लोटायचे नाही, असे तो शांतपणे म्हणाला. त्या निर्णयाने मला फार दुःख झाले. तरीही तो निर्णय त्याचा होता, आणि त्याला आजार ठाऊक नसता, तर आम्ही त्याच्या नावाने भलताच निर्णय घेतला असता.

दुसऱ्या मतासाठी मुंबईला टाटा रुग्णालयात न्या, असे जो तो सांगत होता. तिथल्या तज्ज्ञतेबद्दल मला नितांत आदर आहे. परंतु या प्रकारच्या गाठी काही आठवड्यांत दुप्पट होऊ शकतात, शिवाय त्याच्या छातीतल्या मोठ्या शिरेवर दाब होता, म्हणून नाशिकच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने किमोची पहिली सायकल, म्हणजे पहिली फेरी, इथेच सुरू केली. त्यानंतर मी आणि भाचा बायोप्सीचे ब्लॉक, स्लाइड आणि स्कॅनच्या सीडी घेऊन सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने परळला गेलो. तिथेही निदान तेच आले आणि औषधेही तीच सांगितली गेली. हीच औषधे आपल्या गावात मिळत असतील, तर अशा रुग्णाला कसारा घाटातून वारंवार ने-आण करण्यात त्याची उरलीसुरली शक्ती जाते, हे मी प्रत्येकाला सांगत असते.

पहिल्या दोन सायकलींनी जादू केली, असेच म्हणावे लागेल. चेहऱ्याची सूज उतरली, खोकला थांबला, कॉलरची गुंडी पुन्हा लागू लागली. आता बरा होणार, असे नातेवाईक म्हणू लागले. आजार उलटू शकतो, हे दादाला माहीत होते. म्हणून त्याने त्याच चांगल्या दिवसांत भाच्याच्या साखरपुड्याची तारीख अलीकडे आणली आणि सप्तशृंगी गडावर फ्युनिक्युलर ट्रॉलीने जाऊन वहिनीसह दर्शन घेतले. घरात द्राक्षांच्या पेट्या येत होत्या, पण पांढऱ्या पेशी घटलेल्या काळात न शिजवलेली फळे नकोत, म्हणून त्याला द्राक्षे मिळत नसत. त्याची तक्रार तेवढीच होती. ताप 100.4 अंशांवर गेला, तर वेळ न बघता रुग्णालय गाठायचे, हे किमो देणाऱ्या डे-केअर विभागाच्या सिस्टरांनी बजावले होते. तो आकडा वहिनीने फ्रिजवर चिकटवून ठेवला होता. एका रात्री ताप चढला, तेव्हा त्या कागदामुळेच कोणी सकाळची वाट पाहिली नाही.

मधल्या काळात तो एके दिवशी एकदम असंबद्ध बोलू लागला. मोबाइल हातात घेऊन त्याचे झाकण कुठे गेले, असे विचारू लागला. आजार मेंदूत गेला, असे आम्हांला वाटले, पण रक्तातले सोडियम घसरले होते. स्मॉल सेल गाठी कधी कधी असे हार्मोन तयार करतात की शरीर पाणी धरून ठेवते आणि सोडियम पातळ होते. उपचार झाले, पाण्यावर मर्यादा आली, आणि वहिनी मोजपट्टीच्या बाटलीतून दिवसाचे पाणी देऊ लागली. त्या दुपारचे त्याला काहीच आठवत नव्हते.

आणखी एक गोष्ट मी आग्रहाने करून घेतली. किमो सुरू असतानाच वेदनाशमनाच्या, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांची गाठ घेतली. मामांना तो शब्द ऐकूनच धक्का बसला, कारण ‘सगळे संपल्यावर’ तिथे जायचे, असा सर्वत्र समज आहे. वस्तुतः 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, फुफ्फुसाच्या नॉन-स्मॉल सेल कर्करोगाच्या पसरलेल्या अवस्थेतल्या ज्या रुग्णांना निदान होताच अशी सेवा मिळाली, त्यांचे दिवस अधिक सुखाचे गेले आणि ते सरासरीने अधिक जगलेही. आमचा प्रकार वेगळा होता, पण धाप, झोप आणि भूक यांचे त्रास तर तेच होते. उन्हाळा संपता संपता आजार उलटला आणि पाठीत असह्य वेदना सुरू झाल्या, तेव्हा हे डॉक्टर त्याला आधीपासून ओळखत होते. मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या. 2014 मध्ये अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून मान्यताप्राप्त रुग्णालयांना मॉर्फिन ठेवणे सोपे झाले आहे, तरी सवय लागेल या भीतीने घरचेच लोक गोळी पुढे ढकलतात. दर चार तासांनी ठरलेल्या वेळेवर गोळी, दुखेपर्यंत थांबायचे नाही, आणि सोबत बद्धकोष्ठतेचे औषध चुकवायचे नाही, एवढे पाळल्यावर दादा पुन्हा बसून जेवू लागला, गप्पा मारू लागला.

दुसऱ्या प्रकारची किमो त्याने एकदाच घेतली आणि नंतर नको म्हणाला. डॉक्टरांनी त्याला समजावण्याचा प्रयत्न केला नाही, आम्हीही केला नाही. शेवटचे आठवडे तो घरीच होता, भाड्याने आणलेला ऑक्सिजनचा यंत्रसंच आणि वहिनी त्याच्या उशाशी. श्रावणात तो गेला.

आजारपणातच त्याने एक निळी फाइल तयार केली होती. भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, विम्याच्या पावत्या, घराच्या कर्जाची कागदपत्रे, बँकेतली वारसनोंद, आणि कारखान्यातल्या कोणत्या माणसाला भेटायचे, हे त्याच्याच अक्षरात लिहिलेले होते. उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या आम्ही रुग्णालयात परत केल्या, त्यानंतर दादाच्या मागे वहिनीला मिळणाऱ्या निवृत्तिवेतनासाठी भविष्य निर्वाह निधीचा 10-डी अर्ज भरला. एकही कागद शोधावा लागला नाही. पहिली रक्कम जमा झाल्याचा संदेश आला, तेव्हा वहिनीने तो मला फोनवर वाचून दाखवला आणि घराच्या या महिन्याच्या हप्त्याचे विचारले.