टर्बो गेलाय, की फक्त एक नळी?

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो. प्रश्न नेहमीचाच आहे: डिझेल गाडी घाटात अचानक ओढेनाशी होते, चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनरवर P0299 किंवा P0234 हा दोषाचा कोड येतो आणि गॅरेजमध्ये सांगतात, "टर्बो गेला, बदलावा लागेल." बदलायचा का?

लगेच नाही. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. P0299 म्हणजे इंजिनाच्या कंप्युटरने मागितलं त्यापेक्षा हवेचा कमी दाब मिळाला आणि P0234 म्हणजे जास्त मिळाला. कोड एवढंच सांगतो. दोष नळीत, सोलेनॉइडमध्ये (व्हॅक्यूम कमीजास्त सोडणारा विजेचा व्हॉल्व्ह), ॲक्च्युएटरमध्ये (दांडीने टर्बोच्या पात्या हलवणारी डबी), सेन्सरमध्ये की खुद्द टर्बोत, हे शोधायचं काम उरतंच. व्हॅक्यूमवर (हवा ओढून केलेल्या पोकळीवर) चालणाऱ्या, पात्यांचा कोन बदलणाऱ्या व्हेरिएबल टर्बोबद्दल लिहितो, कारण सर्वाधिक गोंधळ तिथे होतो.

आधी सेन्सर. इंजिन बंद ठेवून इग्निशन चालू करा आणि मॅप सेन्सरचा (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) आकडा बघा. तो त्या ठिकाणच्या हवेच्या दाबाइतका हवा: मुंबईत 100-101 किलोपास्कल, पुण्यात 94-95, महाबळेश्वरात 86च्या आसपास. पुण्यात उभी गाडी 115 दाखवत असेल तर टर्बोला हात लावू नका, सेन्सर आणि त्याचं वायरिंग बघा. हा आकडा निरपेक्ष दाबाचा असतो, हेही ध्यानात ठेवा. 220 म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा साधारण 120 ने जास्त. शिवाय स्वस्त ओबीडी ॲपमध्ये (गाडीच्या स्कॅन सॉकेटमधून आकडे दाखवणारं मोबाइल ॲप) मॅपचा साधा आकडा 255च्या वर जातच नाही, त्यामुळे तिथे अडकलेला आकडा दोष समजू नये.

आता मुख्य चाचणी. मागितलेला दाब, प्रत्यक्ष दाब आणि सोलेनॉइडची ड्यूटी (कंप्युटर त्याला किती टक्के वेळ चालू ठेवतो ते) हे तिन्ही एकत्र दाखवणारा स्कॅनर हवा. मोकळ्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये 1500 आरपीएमपासून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा आणि 3500पर्यंत नोंद घ्या. स्कॅनर शेजारच्या माणसाच्या हातात द्या. दाब मागणीखाली आणि ड्यूटी टोकाला टेकलेली, म्हणजे कंप्युटर ओरडतोय पण खाली कुणी ऐकत नाही. दाब मागणीच्या वर आणि ड्यूटी दुसऱ्या टोकाला असेल, तर टर्बोच्या पात्या मिटलेल्या अवस्थेत अडकल्याचा संशय धरा. काही गाड्यांत ड्यूटीचा आकडा उलटा चालतो, म्हणून चांगल्या चालीत तो कुठल्या दिशेला जातो ते आधी बघून ठेवा.

ऐकत नसेल तर रबरापासून सुरुवात. व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या इंजिनाच्या उष्णतेने टोकाला चिरतात आणि चीर खालच्या बाजूला असल्यामुळे दिसत नाही. ॲक्च्युएटरची नळी काढून हातपंप लावा. साधारण 0.5-0.6 बार व्हॅक्यूम दिल्यावर दांडी झटका न देता ओढली गेली पाहिजे, मिनिटभर टिकली पाहिजे, आणि सोडल्यावर तितक्याच सहज परतली पाहिजे. सुई हळूहळू उतरली तर डायफ्रॅम फाटलाय. दांडी अडखळत असेल तर काजळीने पात्या धरल्यात. थंड इंजिनात मोकळी वाटणारी दांडी गरम झाल्यावर अडकू शकते, म्हणून चाचणी दोन्ही वेळा करा. घाटात ताकद जाते, गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की तासभर व्यवस्थित चालते, ही तक्रार बहुतेकदा अशाच पात्यांची.

दांडी ठीक असेल तर नळीत टी (तीन तोंडांचा जोड) जोडून चालू इंजिनात व्हॅक्यूम मोजा. पंपाकडे 0.8 बारच्या वर आणि ॲक्च्युएटरकडे त्यातला थोडाच पोचत असेल, तर मधला सोलेनॉइड संशयित. त्याचा टकटक आवाज येतो म्हणून तो चांगला, असं नाही. आवाज करणारा सोलेनॉइडही आतून गळतो. त्याची हवा सोडणारी बारीक जाळी धुळीने बुजली तर अडकलेला व्हॅक्यूम सुटत नाही आणि दाब वर जातो.

दांडी पूर्ण ओढलेली, तरी दाब कमी? मग हवा कुठेतरी निसटतेय. टर्बो ते इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर) ते इंजिन या वाटेवरचा होज, म्हणजे जाड रबरी नळी, आयडलला शांत असतो, कारण तेव्हा आत दाबच नसतो. गाडी जोरात असतानाच चीर उघडते, शिटी किंवा फुसकारा येतो आणि काळा धूर सुटतो. त्यामुळे हलक्या दाबाने धूर सोडून गळती शोधणारी स्मोक टेस्टही ती चुकवते. वाट बंद करून 0.5-1 बार हवा भरा आणि क्लॅम्पपाशी साबणाचं पाणी मारा. होजच्या आत तेलाचा पातळ थर दिसला तर घाबरू नका, तो असतोच. उघडा अडकलेला ईजीआर (एक्झॉस्टचा काही धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), चोंदलेला एअर फिल्टर, टर्बोआधीची एक्झॉस्टची गळती, बुजलेला डीपीएफ (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर) हेही याच कोडमागे असतात.

एवढं झाल्यावर टर्बोकडे. थंड इंजिनात इनटेकचा पाइप काढून शाफ्ट हाताने हलवा. बाजूला किंचित हालचाल चालते, पण पुढे-मागे जाणवण्याइतकी ढिलाई किंवा पाती घासल्याच्या खुणा असतील तर टर्बो संपला. नवा बसवताना ऑइलचा पाइप स्वच्छ करा, शक्यतो नवाच घ्या, आत ऑइल भरा आणि इंजिन सुरू न होऊ देता स्टार्टरने काही सेकंद फिरवून ऑइलचा दाब येऊ द्या.

दांडीचा स्टॉप स्क्रू मात्र कुणालाही फिरवू देऊ नका. "पिकअप वाढतो" म्हणून तो फिरवला की पात्यांची कारखान्यात ठरवलेली मर्यादा बिघडते, आणि तेव्हा येणारा कोड दोषाचा आहे की स्क्रूचा, हे स्कॅनर सांगू शकत नाही.