तुम्ही विचारलंत म्हणून: वरातीतला सॅक्सवाला पंचमच्या शोमध्ये कसा?

पंचमच्या, म्हणजे संगीतकार राहुल देव बर्मन यांच्या, गाण्यांचा प्रोग्राम संपला की स्टेजमागे कोणी ना कोणी येतंच आणि विचारतं, तुम्ही ते लग्नाच्या बँडमध्ये असता ना, मग इकडे कसे काय? काही जण आडून विचारतात, काही सरळ. मागे जळगावला एक काका आले, बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "आमच्या पोराच्या वरातीत तुम्हीच होते ना हो?" होतो काका, तीन तास होतो, आणि नागीण चालू असताना ट्रॉलीसमोर रस्त्यावर आडवे झालेले ते तुमचे साडू होते हेपण लक्षात आहे.

तर कसा आलो याचं खरं उत्तर फार साधं आहे. कॅलेंडर. पंचमदांचा जन्म २७ जूनचा आणि ते गेले ४ जानेवारी १९९४ ला, आणि राहुल देव बर्मनच्या गाण्यांचे जे काही प्रोग्राम होतात ते जास्त करून या दोन तारखांच्या आजूबाजूला. आता आमचा धंदा बघा. जूनच्या शेवटी तिथ्या जवळपास आटोपलेल्या असतात, पाऊस झाला की सगळं गाव कपाशीच्या मागे, त्यात आषाढी आली की चातुर्मास, म्हणजे थेट तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नाची सुपारी नाही. आणि ४ जानेवारी बहुतेक वेळा पौषात, पौषात आपल्याकडे लग्न कोण काढतं? म्हणजे ज्या दोन तारखांना प्रोग्रामवाल्यांना सॅक्सवाला पाहिजे नेमका तेव्हाच मी चाळीसगावात ओट्यावर बसून रीड, म्हणजे सॅक्सच्या तोंडाची पट्टी, घासत असतो. आमच्या ट्रॉलीवर सीझनला कॅसिओ वाजवणारा पोरगा जळगावच्या असे प्रोग्राम करणाऱ्या एका ग्रुपमध्ये कीबोर्डला होता, सॅक्सचे पीस तोच कीबोर्डवर काढायचा आणि ते पिपाणीसारखे वाजायचे असं त्याचं स्वतःचंच मत. त्याने फोन केला, २७ ला मोकळा आहेस का दादा? मी म्हटलं २७ ला काय, दिवाळीपर्यंत मोकळा आहे.

पण फोन यायच्या आधी एक गोष्ट झाली होती ती सांगितली पाहिजे. २०२०. एप्रिल-मे म्हणजे आमचं वर्षाचं पीक, आणि त्या साली लॉकडाऊनमध्ये सगळ्या सुपाऱ्या परत. पन्नास माणसांत लग्न, त्यात बँडची दहा-बारा माणसं कुठे मोजणार. नाना, म्हणजे माझे वडील, क्लॅरिनेटवाले, त्यांनी वाद्यांच्या पेट्या पुसून माळ्यावर टाकल्या आणि वर बघायचंही बंद केलं. मी भाचीचा हेडफोन लावून पडून असायचो. आणि खरं सांगतो, वीस वर्षं जी गाणी रस्त्यावर वाजवली ती मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. म्हणजे आम्हाला मुखडा पाठ, अंतरा पाठ, पण मधलं म्युझिक, ज्याला आपण पीस म्हणतो, ते वरातीत कोण वाजवतो? मुखडा, परत मुखडा, ढोल वाढव, परत मुखडा. आणि इकडे कानात बघतो तर एका बाजूला गिटार, मागे कुठेतरी रेसो-रेसो नावाच्या घासून वाजवायच्या वाद्याची खरखर, काचेच्या ग्लासवर टिंग, आणि मधेच एक सॅक्स येतो, एखादी ओळ बोलतो आणि निघून जातो. त्यातले बरेचसे मनोहारी सिंग यांचे असतात हे मला नंतर कळलं. कलकत्त्याचे, २०१० ला गेले, पंचमदांचे अरेंजरही होते. मी पोट भरायला वाजवतो तेच वाद्य, आणि त्या माणसाचं नाव मला माहीत नव्हतं. लाज वाटली थोडी, खोटं कशाला बोलू.

पहिल्या प्रॅक्टिसला शटलने जळगावला गेलो. ग्रुपमध्ये एक रिटायर बँक मॅनेजर गिटारला (याला सगळे साहेब म्हणतात), एक शाळेतले संगीताचे सर, एक दातांचा डॉक्टर ड्रमला. गाणं लावलं, 'गाता रहे मेरा दिल'. गाणं सचिनदांचं, म्हणजे एस. डी. बर्मन यांचं, १९६५ चं, पण पंचम त्यात वडिलांचे असिस्टंट होते म्हणून आमच्या यादीत घुसलंय, आणि सॅक्स मनोहारींचा म्हणून माझ्यासाठी ठेवलेलं. गायिकेने मुखडा उचलला आणि मीपण उचलला, तिच्याबरोबर, फुल फुंक मारून. लहानपणापासून तेच केलंय ना, आमच्याकडे गाणाऱ्याची ओळ क्लॅरिनेट आणि सॅक्सच गातात. साहेबांनी हात वर केला. म्हणाले, "भाऊ, ती ओळ ताई गातील." बरं म्हटलं. दुसऱ्या वेळी पुन्हा तेच, बोटं ऐकेचनात. डॉक्टर म्हणाला तोंडातून काढून ठेवा, पीस आला की लावा. तसं केलं तर पीस निघून गेला आणि माझं तोंड तिथे पोहोचलंच नाही.

एवढं सोपं काम मला जमत नव्हतं, मधे न वाजवणं. वरातीत थांबलात तर पब्लिक ओरडतं, नवरदेवाचा मामा नोट परत खिशात घालतो. इथे सगळ्या गाण्यात माझ्या वाट्याला काही सेकंद, बाकी सगळा वेळ उभं राहून मात्रा मोजायच्या, आणि तोंडावर मोजतोय असं दिसूही द्यायचं नाही. दोनशे पानी वही केली, नोटेशन वाचता येत नाही म्हणून सरगममध्ये पीस लिहिले आणि सरगमच्या आधी आकडे, इतक्या मात्रा गप्प. यूट्यूबवर स्पीड अर्धा करून एकेक पीस ऐकला. तेव्हा समजलं की मनोहारी सूर सरळ धरत नाहीत, खालून हळूच चढतात, आणि शेवटी जो कंप देतात तो लगेच देत नाहीत, सूर आधी नुसता उभा करतात आणि मग. हे कागदावर लिहून येत नाही. मी वहीत त्या जागी फक्त "दम धर" लिहिलंय.

आणखी एक डोकेदुखी म्हणजे पट्टी. माझा सॅक्स ऑल्टो जातीचा, त्यामुळे कीबोर्डवाल्याचा सी तो माझा ए. आता गायिका म्हणाली आज घसा बसलाय, अर्धा सूर खाली घेऊ, तर कीबोर्डवाला एक बटण दाबतो आणि माझी सगळ्या गाण्याची बोटं बदलतात. यावरून आमची भांडणं झालीत, लिहीत नाही इथे.

आणि आपली गर्मी. मे महिन्यात चव्वेचाळीस डिग्रीत पत्र्याच्या खोलीत प्रॅक्टिस, त्यात गिटारच्या तारा तापून उतरतात आणि सॅक्स तापून चढतो, साहेब आणि मी एकमेकांकडे बघत बसतो की चूक कोणाची. मला वाटायचं नाट्यगृहात एसीत हा ताप संपेल. पहिल्याच शोला काय झालं, एसी दाबून लावलेला, सॅक्स स्टँडवर ठेवून मी शहाण्यासारखा मात्रा मोजतोय, आकडा बरोबर, जागा बरोबर, आणि तोंडाला लावून पहिला सूर काढला तर तो चक्क उतरलेला. पितळ गार पडलेलं ना! माझा मेरठचा सॅक्स, तिथल्या जाली कोठी या बँडच्या वाद्यांच्या बाजारातून आणलेला, त्याला रस्त्यावरच्या उकाड्याची सवय, आणि मलाही. तेवढ्याच सुरांसाठी एवढा वेळ उभा होतो आणि तेच बेसूर गेले. टाळ्या पडल्या, पण साहेबांची मान ज्या बाजूला हलली ती मी पाहिली. तेव्हापासून मी थांबलेलो असलो तरी सॅक्स तोंडालाच असतो आणि आत गरम श्वास सोडत राहतो, आवाज न करता. म्हणून तुमच्यातल्या काहींना वाटतं की माझा माइक बंद आहे. माइक चालू असतो. मी वाजवत नसतो.

दुसरा प्रश्न लोक विचारतात, दुसऱ्याचंच किती दिवस वाजवणार, स्वतःचं काही? अहो पंचमदा स्वतः संगीतकार झाल्यावरही १९६४ ला लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या 'दोस्ती'त माऊथऑर्गन वाजवून आले, त्यांना कोणी विचारलं होतं का? मी तर लग्नातला माणूस. आणि माझं म्हणाल तर "दम धर" कुठे किती धरायचा ते माझंच आहे, तेवढं पुरे आहे मला सध्या.

पैशाचं विचारू नका. शोचं मानधन आणि सीझनच्या एका रात्रीची मजुरी यात फार फरक नाही, आणि शो वर्षात चार-पाच, त्यात शटल चुकली तर एसटीचं तिकीट खिशातून. फरक एवढाच की नाट्यगृहात खुर्ची मिळते आणि जेवण बाकीच्यांबरोबर. लग्नात वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी आमच्यापर्यंत येते तेव्हा बट्टी दगड झालेली असते. तरी बँड सोडलेला नाही, सोडणारही नाही, घर त्याच्यावर चालतं.

गेल्या सीझनची गोष्ट, अमळनेरकडे एक वरात. एक जुनं गाणं काढलं, मुखडा झाला, आणि माझ्या नकळत मी थांबलो. सॅक्स तोंडाला, आत गरम श्वास, मात्रा मोजतोय. ढोलवाले चालूच, नाचणारे हात वर करून तसेच उभे, जनरेटर घरघरतोय. नाना ट्रॉलीच्या पलीकडून अहिराणीत ओरडले, "आते थांबना कसाले? वाजाड ना!"

मी म्हटलं, नाना, पीस येऊ द्या.

"तुना पीस घर वाजाड. आठे नवरदेव उभा शे."