तुम्ही विचारलंत म्हणून: सनावळ्या लक्षात कशा ठेवायच्या?

"बाई, पोरगी गणितात चांगली आहे, पण इतिहासाच्या सनावळ्या काही केल्या लक्षात राहत नाहीत. काय करू?" सहामाही जवळ आली की सोलापुरातल्या आमच्या शाळेच्या फाटकाशी कुणी ना कुणी पालक हे विचारतातच. आठवीला आधुनिक भारताचा इतिहास असतो आणि पुस्तकात पानापानावर साल. तिथं उभ्या उभ्या उत्तर देता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

आधी एक विनंती. सालांची वेगळी यादी करून घोकून घेऊ नका. मी शाळेत असताना तेच करायचे. गाईडमधली उत्तरं स्वल्पविरामासकट पाठ असायची. एकदा 'असहकार चळवळ' ही टीप अशीच पाठ करून गेले आणि पेपरात आलं, 'गांधीजींनी असहकार चळवळ स्थगित केली, हे विधान सकारण स्पष्ट करा.' मी पाठ केलेली टीपच उतरवून आले. चौरीचौरा त्यात शेवटच्या ओळीत होतं, कारण म्हणून नव्हे, नुसतं नाव म्हणून. त्या उत्तराला गुण मिळाले नाहीत, आणि मिळायला नकोच होते.

साल लक्षात राहतं ते त्याच्या मागच्या-पुढच्या गोष्टीमुळे. मार्च १९१९ मध्ये कुणालाही विनाचौकशी तुरुंगात टाकायची मुभा सरकारला देणारा रौलट कायदा आला. त्याविरुद्ध ६ एप्रिलला देशभर हरताळ झाला. १० एप्रिलला अमृतसरमध्ये डॉ. सत्यपाल आणि डॉ. किचलू या तिथल्या पुढाऱ्यांना पकडलं, शहर खवळलं आणि १३ एप्रिलला, बैसाखीच्या दिवशी, जालियनवाला बाग. ही साखळी मुलीला एकदा स्वतःच्या शब्दांत सांगू द्या. प्रत्येक वाक्याआधी 'म्हणून' किंवा 'त्यामुळे' येतंय का, एवढंच ऐका. जिथं ती 'आणि मग' म्हणेल, तिथं तिला कारण कळलेलं नाही. तेवढाच परिच्छेद पुन्हा वाचायचा, अख्खा धडा नाही.

वर्गात मी हे करून घेते: धडा एकदा गोष्टीसारखा वाचायचा, हातात पेन नको. मग पुस्तक मिटून कोऱ्या पानावर आठवेल ते लिहायचं. पान अर्धं रिकामं राहतं आणि मुलं हिरमुसतात. पण तीच रिकामी जागा आपल्याला हवी असते, कारण काय येत नाही ते तिथं दिसतं. पुस्तक उघडून सुटलेलं लाल पेनानं भरायचं. दोन दिवसांनी पुन्हा कोरं पान, आठवड्यानं आणखी एकदा. तिसऱ्या पानावर लाल शाई अगदी थोडी उरते. धडा पाच वेळा वाचून 'आलं, आलं' असं वाटतं, पण ते डोळ्यांना सवय झाल्यामुळे. पेपरात पुस्तक समोर नसतं, म्हणून सरावही पुस्तक मिटूनच हवा.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो तीन चळवळींचा: असहकार, सविनय कायदेभंग आणि छोडो भारत. एकीचं उत्तर दुसरीत जातं. तिन्ही शेजारी शेजारी मांडायच्या आणि तीनच गोष्टी विचारायच्या. ठिणगी कशानं पडली, लोकांनी नेमकं काय केलं, थांबली कशी.

गेल्या वर्षी हाच तक्ता फळ्यावर असताना मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "बाई, १९२२ ला चौरीचौऱ्यात पोलीस मारले गेले म्हणून गांधीजींनी चळवळ थांबवली. मग १९३० ला आपल्या सोलापुरातही हिंसा झाली, तेव्हा का नाही थांबवली?"

त्या तासाला मी पुढचं काही शिकवलं नाही. आमच्या मुलांना चार हुतात्म्यांचे पुतळे रोज दिसतात. गांधीजींच्या अटकेनंतर ६ मे १९३० ला इथं हरताळ पडला, गिरणी कामगार मोर्चात उतरले, गोळीबार झाला, माणसं मेली. मग संतापलेल्या जमावानं पोलीस चौक्यांवर, न्यायालयावर हल्ले केले. शहरात मार्शल लॉ आला. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना फाशी दिली. पण सविनय कायदेभंगाची चळवळ थांबली नाही. या खेपेला कुठं तुरळक हिंसा झाली तरी लढा मागे घ्यायचा नाही, असं गांधीजींनी दांडीला निघण्याआधीच सूचित केलं होतं. १९२२ चा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

त्या वर्गातल्या एकाही मुलानं पुढं १९२२ आणि १९३० ची अदलाबदल केली नाही. घोकून घ्यायची वेळच आली नाही, प्रश्नानंच ती दोन सालं घट्ट बांधून ठेवली.

तेव्हा घरी सनावळी विचारण्याऐवजी मुलीला म्हणा, "या धड्यावर तूच मला एक अवघड प्रश्न काढून दे." तुम्हाला उत्तर आलं नाही तरी चालेल, दोघी मिळून शोधा. परीक्षेच्या आदल्या रात्री नवं काही उघडू नका. लाल शाईची पानं चाळायची आणि दहाला झोपायचं.