त्या घराचं नाव मी का सांगत नाही

"इटलीत तुम्ही शेतातल्या घरात राहिला होतात ना, त्याचं नाव पाठवा." दर उन्हाळ्याच्या तोंडावर हा निरोप येतो. आमच्या हॉलमधला फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो : दगडी घर, विटांची कमान, पांढऱ्या मातीचा रस्ता आणि त्याच्या दोन्ही कडांना सायप्रसची उंच झाडं. मी विषय बदलते. त्यावरून मी शिष्ट झाले, नाव दडवून ठेवते, असं दोघातिघांनी आईला सांगितलं. आईला ते लागलं. म्हणून आता लिहूनच टाकते.

घर सुंदर होतं. फोटो खोटा नाही. मला फसवलं असंही कुणी समजू नये. फसले असेन तर माझ्या डोळ्यांनी.

2018 सालची गोष्ट. आप्पांनी चाळीस वर्षं तासगावला द्राक्षबाग केली, त्यांना जगातली दुसरी बाग दाखवायची असं मी ठरवलं होतं. तीन महिने रोज रात्री इटलीच्या तोस्काना प्रांतातली घरं बघत होते. ज्या फोटोत ट्रॅक्टर दिसला, पत्र्याची शेड दिसली, प्लास्टिकचे क्रेट दिसले, ते घर मी यादीतून काढून टाकलं. शेतावरचं घर हवं होतं आणि शेत दिसलं की मी पुढं सरकत होते! हे तेव्हा एकदाही माझ्या ध्यानात आलं नाही. निवडलेल्या घराच्या नावात 'पोदेरे' होतं. पोदेरे म्हणजे एका कुटुंबानं कसायची जमीन आणि तिच्यावरचं घर. मला तेवढं पुरलं. 'आग्रितुरिस्मो' हा शब्द त्या पानावर कुठंच नव्हता, हे परत आल्यावर दिसलं.

आणि तो शब्दच महत्त्वाचा. इटलीत 1985 साली कायदा झाला, 2006 साली त्याच्या जागी नवा आला, आणि त्या कायद्यानुसार आग्रितुरिस्मो ही पाटी फक्त कसणाऱ्या शेतकऱ्यालाच लावता येते. शेती मुख्य, पाहुणे जोडीला. बाकीची सगळी सुट्टीची घरं. ती वाईट नसतात, पण तिथं शेतकरी भेटेलच असं नाही.

ऑगस्टमधला शनिवार होता. रोमहून रेल्वेनं क्युसीला उतरलो, तिथून बस. पिएन्झाजवळच्या एका गावात दुपारी दोनला पोहोचलो. गाव बंद. दुकानाचं शटर खाली, चौकात चिटपाखरू नाही. घराची किल्ली चारनंतर मिळणार होती आणि घर नकाशावर अडीच किलोमीटर दिसत होतं. गाडी आम्ही घेतली नव्हती. भारतीय लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, तो मी काढला नव्हता. आप्पा चौकातल्या बाकावर बसले आणि म्हणाले, "थांबू की हितंच जरा. ऊन उतरू दे."

मी म्हणाले, "चला हो, अर्ध्या तासाचं काम. तिथं सावलीत बसू."

हे वाक्य मी इतक्या वेळा आठवलंय की आता त्यातला आवाज माझा वाटत नाही. आप्पांना मधुमेह आहे. सकाळची गोळी घेतलेली, दुपारचं जेवण झालेलं नाही, कारण पोहोचल्यावर गावात काहीतरी घेऊ असं मी धरून चालले होते. आईनं सोबत बांधून घेतलेले लाडू रोममध्येच संपले होते. चढ होता. खडीच्या रस्त्यावर बॅगेची चाकं रुतत होती. सायप्रसची सावली फोटोत छान पडते, पण भर दुपारी ती माणसाच्या खांद्याएवढीसुद्धा नसते. दीडेक किलोमीटरवर आप्पा थांबले. बोलेनात. शर्ट भिजलेला, हात कापत होते, आणि माझ्याकडे असं बघत होते की मी कोण हे त्यांना आठवावं लागतंय. आई त्यांना धरून रस्त्यातच खाली बसली. मी घरमालकाचा नंबर फिरवत राहिले. पुन्हा पुन्हा. कुणी उचलला नाही.

मागून तीनचाकीचा आवाज आला. आपे! बारामतीला बनते तीच जात, हौद्यात पीचचे क्रेट. सत्तरीतला माणूस उतरला, आप्पांकडे एकदा बघितलं, काही विचारलं नाही. एक पीच शर्टाला पुसला, सुरीनं फोडला आणि फोडी त्यांच्या हातात दिल्या. मग दुसरा. बाटलीतलं पाणी. पंधरावीस मिनिटांनी आप्पांनी आपेच्या चाकाला हात लावला आणि म्हणाले, "ही आपलीच की." तेव्हा मी रडले.

त्यानं आम्हाला घरापर्यंत सोडलं. पैसे घेतले नाहीत.

त्या घरात आमची झोपायची खोली तळमजल्यावर होती. भिंतीला लागून दगडी हौदासारखं काही होतं, त्यात उशा रचल्या होत्या. आप्पा म्हणाले, "ही गव्हाण आहे." होतीच. त्या भागातल्या जुन्या घरांत खाली बैल आणि वर माणसं असत. ती माणसं निम्म्या वाट्यानं मालकाची जमीन कसायची. ही पद्धत 1964 च्या कायद्यानं बंद होत गेली, पण त्याच्या आधीपासूनच कुटुंबं कारखान्यांकडे निघाली होती आणि घरं ओस पडली होती. आपण सुट्टीसाठी निवडतो ती हीच घरं. आप्पांनी खिडकीतून दिसणाऱ्या द्राक्षवेली पाहिल्या आणि झाडलोट करणाऱ्या बाईला माझ्यामार्फत विचारलं, ही बाग कोण बघतं? मालक मिलानला असतात, वेली शेजाऱ्याकडे दिल्यात, ती म्हणाली. शेजारी म्हणजे तो पीचवाला.

पुढचे चार दिवस आप्पा सकाळी त्याच्याकडे जात. भाषा नाही, काही नाही. दोघं वेलींची पानं उलटून बघत बसायचे. मी आणि आई त्या सुंदर अंगणात बसायचो. आईला ते अंगण फार आवडलं, हेही मला लिहायलाच हवं. फोटो तिनंच फ्रेम करून घेतला.

मग मी धडा घेतला म्हणावं, तर 2023 साली नवऱ्याबरोबर गेले तेव्हा खरा आग्रितुरिस्मो शोधला. पाटी बघितली, सूर्यफुलं बघितली (आग्रितुरिस्मोंचा दर्जा ताऱ्यांऐवजी सूर्यफुलांनी दाखवतात), रात्रीचं जेवण घरचं मिळतं का विचारलं, बसथांबा किती लांब हेही विचारलं. आम्ही शाकाहारी, तर चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण असतं का, हेसुद्धा. पार्मिज्यानो या चीजमध्ये असतंच. मालकिणीनं भाजी आणि पावाचं दाट सूप वाढलं, ऑलिव्हचं तेल त्यांच्याच झाडांचं. सगळं जसं असायला हवं तसं. आणि पहाटे साडेपाचला ट्रॅक्टर सुरू झाला की मला ते पहिलं घर आठवायचं. तिथली शांतता, ती कमान. घर देखणं असावं ही इच्छा चूक होती, असं मी अजून मान्य करत नाही. वाल दोर्चाचा, म्हणजे पिएन्झाजवळच्या खोऱ्याचा, तो मुलूख युनेस्कोनं 2004 साली यादीत घेतला तोही माणसानं घडवलेला शेतीचा देखावा म्हणूनच. देखणेपण तिथं शेतीच्याच पोटी आलंय. मग मला दोन्ही एकत्र का निवडता आलं नाही?

म्हणून नाव मागू नका. तुमच्यासोबत कोण येणार आहे, ते बसमधून उतरल्यावर किती चालू शकतात आणि किती वाजता जेवतात, हे मला कुणी अजून सांगितलेलं नाही. ते सांगा, मी रात्रभर बसून घरं शोधून देईन, खरंच.

आप्पा आता एकोणऐंशीचे आहेत. गेल्या महिन्यात त्यांना विचारलं, पुन्हा जाऊ या का? ते म्हणाले, "त्या पीचवाल्याकडं उतरायची सोय हाय का बघ." मी बघितलं. त्याच्याकडे पाहुण्यांसाठी खोली नाही.